म्हैस आचारसंहिता पाळत नाही

समजा, हे काम तुम्हाला करायचं आहे. डाव्या हातात खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा मोजा चढवा. त्याला साबणाचं पाणी लावा. पाची बोटं चोचीसारखी एकत्र करा, म्हशीची शेपटी बाजूला सारा आणि तो हात तिच्या मागच्या वाटेनं आत घाला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांद्याच्या जरा अलीकडं थांबा. आधी शेण काढावं लागेल. म्हैस कळ देईल, तुमचा हात असा आवळेल की बोटांना मुंग्या येतील. आवळू द्या. हात ओढायचा नाही. ती सैल पडली की तळव्याखाली, आतड्याच्या पडद्यापलीकडं, कोंबडीच्या मानेएवढं काहीतरी कडक लागेल. ते गर्भाशयाचं तोंड. ते मुठीत धरा. आता उजव्या हातातली लांब सळई खालच्या वाटेनं आत न्या आणि डोळ्यांनी काहीच दिसत नसताना, नुसत्या डाव्या मुठीच्या अंदाजानं, तिचं टोक त्या तोंडातून पार करा. पार झालं की मुठीला कळतं. मग दट्ट्या दाबायचा, सावकाश.

आता हेच करताना तुमच्या पाठीमागं पांढऱ्या कपड्यांतली सात-आठ माणसं उभी आहेत असं समजा. एकाच्या हातात शाल, एकाच्या हातात नारळ, एकानं मोबाईल आडवा धरलाय. आणि त्यातला कुणीतरी म्हणतो, "ताईसाहेब, जरा इकडं बघा. फोटो."

धनश्रीचं पहिलं वर्ष असं गेलं.

निंबजळ हे तिचं गाव, उमापूरच्या पुढं, कालव्याच्या टोकाशी. तिचे वडील सुंदरराव. त्यांना सगळी पंचक्रोशी अण्णा म्हणते, म्हणून तीही अण्णाच म्हणते. अण्णा जिल्हा परिषदेचे माजी सदस्य. हा 'माजी' त्यांना दातात अडकलेल्या सुपारीसारखा सलायचा, पण पुढची निवडणूक काही लागत नव्हती. आज लागेल, उद्या लागेल असं करत वर्षं गेली. दारातल्या स्कॉर्पिओची काच तेवढी रोज पुसली जायची आणि बैठकीत चहाचं आधण उतरत नसे.

अशा घरात वाढलेल्या पोरीला एक गोष्ट लवकर कळते. ती खोलीत आली की माणसं उठून उभी राहतात. सहा वर्षांची धनश्री फ्रॉक घालून बैठकीत शिरली तरी मिशीवाले गडी उठायचे आणि म्हणायचे, "या ताईसाहेब." ती पळून गोठ्यात जायची. गोठ्यात कुणी उठत नसे. उलट बसलेली गाय तिच्याकडं बघून आणखी ऐसपैस बसायची.

शाळेत असताना ती धावण्याच्या शर्यतीत पहिली आली होती. कप मिळाला, अण्णांनी तो बैठकीत ठेवला. आठवडाभरानं दुसऱ्या नंबरच्या दीपमालानं डबा खाता खाता सांगितलं, "गुर्जीनं आमाला हळू पळायला सांगितलतं." सांगताना तिला वाईट वाटलं नव्हतं, रागही नव्हता. वार लागतो तसा शब्द लागावा असं काही तिच्या मनात नव्हतं. धनश्रीनं मात्र त्या दिवशी उरलेली भाकरी तशीच घरी आणली.

पुढं बारावीनंतर अण्णांनी तिच्यासाठी पुण्याच्या कॉलेजात शब्द टाकला. तिनं तो न वापरता पशुवैद्यकाच्या पदविकेला नाव घातलं. घरात भांडण झालं ते झालंच. अण्णा म्हणाले, "लोकं काय म्हनतील, सुंदररावची पोरगी जनावरं भरवती?" ती म्हणाली, "गाय बघत न्हाई अण्णा, कुनाची पोरगी हाय ते."

हे तिनं चिडून म्हटलं होतं, पण खरं कारण तेच होतं. गाय भरवली की तीन आठवड्यांत ती बोलते. गाभण राहिली तर गप राहते, नाही राहिली तर पुन्हा माजावर येते, उलटते. तिला कुणी हळू पळायला सांगू शकत नाही. धनश्रीला आयुष्यात एकदा तरी असा निकाल हवा होता ज्यात अण्णांचा हात नाही.

पदविका घेऊन ती परत आली तेव्हा अण्णांनी अखेर जमवून घेतलं, आणि जमवून घेणं म्हणजे त्यांच्या भाषेत उद्घाटन. चौकात मोठा बोर्ड लागला. वर नेत्यांचे गोल फोटो, मध्ये अण्णा हात जोडून, कोपऱ्यात धनश्री तिकिटाएवढी. खाली 'पशुसेवा केंद्र' आणि संपर्कासाठी एक मोबाईल नंबर. तो नंबर बजरंगचा. बजरंग म्हणजे अण्णांचा उजवा हात, गाडीत पुढच्या सीटवर बसणारा, सगळ्यांच्या लग्नाच्या तारखा तोंडपाठ असलेला माणूस. "पोरीचा नंबर चौकात लावत असत्यात का कुठं?" अण्णा म्हणाले होते. "बजरंग फोन घेईल, तुला निरोप देईल." धनश्रीला त्यात तेव्हा काही खटकलं नाही. निरोप आला की झालं.

निरोप यायचे. ती स्कूटीवर पायांच्या मध्ये नायट्रोजनचं कॅन ठेवून निघायची. कॅनमध्ये गोठवलेल्या वीर्याच्या बारीक कांड्या, पाठीवर पिशवी. ज्याच्या गोठ्यावर जाईल तिथं प्लास्टिकची खुर्ची पुसून ठेवलेली, शेजारी माणसं जमलेली, शाल आणि नारळ तयार. आधी सत्कार, मग चहा, मग दोन शब्द आणि मग म्हैस. शालींचा ढीग इतका झाला की हिवाळ्यात ती वासरांना पांघरायला देऊ लागली. उमापूरच्या बाजाराला जाणारी माणसं निंबजळच्या रस्त्यावर सोनेरी काठाची शाल घेतलेली वासरं बघून गाडी हळू करायची.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण जनावरं उलटू लागली.

चुकून एखादी उलटणं वेगळं. इथं दहातल्या सात उलटत होत्या. गावात कुणी तिच्या तोंडावर बोललं नाही, ते शक्यच नव्हतं. पण म्हशी धुताना, दूध घालताना कुजबुज व्हायचीच: ताईसाहेब लई गुणाच्या, पण हाताला यश न्हाई.

धनश्रीनं आधी सगळं सामान तपासलं. कॅनमधली नायट्रोजनची पातळी पट्टी घालून मोजली. कांडी ज्या कोमट पाण्यात विरघळवायची त्याचं तापमान दरवेळी थर्मामीटरनं बघितलं. नवीन मोजे, नवीन नळ्या. कशात दोष सापडेना. तिला एक गोष्ट मात्र सारखी टोचायची. माजावर असलेल्या जनावराचं गर्भाशय हाताला ताठ लागतं आणि खालून काचेसारखी चिकट तार लोंबते. तिला हाताला पुष्कळदा सैल लागायचं, तार आटलेली असायची. ती विचारायची, "माज कधी दिसला?" आणि समोरचा हात जोडून सांगायचा, "आत्ता सकाळीच, ताईसाहेब. तुमी लई येळेवर आलात."

माणूस शपथेवर सांगतोय आणि हात वेगळं सांगतोय. धनश्रीनं माणसांवर विश्वास ठेवला आणि हातावर शंका घेतली. जेवताना ती डाव्या हाताची बोटं उघडझाप करून बघायची. आई, वत्सलाबाई, विचारायची, "दुखतोय का गं?" ती म्हणायची, "दुखत न्हाई. खोटं बोलतोय असं वाटतंय."

मग एका दुपारी वाडीवरून येताना तिला दगडाबाईच्या गोठ्यापुढं अजिनाथची मोटरसायकल दिसली. अजिनाथ शेजारच्या तालुक्यातला, तेच काम करणारा. दगडाबाईचा नवरा सिदू मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरतीवर असतो, आणि ती दोन म्हशी आणि उरलेली मेंढरं सांभाळत वाडीवर राहते. धनश्री थांबली. अजिनाथ तिला बघून मोजा काढता काढता ओशाळला. "म्याडम, इलाका तुमचा हाय, म्हाईत हाय मला. पन फोन आला."

"फोन आला म्हनल्यावर यायलाच पायजे," धनश्री म्हणाली. तो गेल्यावर तिनं दगडाबाईला विचारलं, "मावशी, इतक्या लांबून मानूस बोलावला. मी इथं मैलावर हाय."

दगडाबाईनं पदरानं हात पुसले. "तुला फोन लावून लावून बोट झिजलं माझं."

"मला तर न्हाई आला."

"त्या बोर्डावरच्या नंबरला गं. बजरंग उचलतो. म्हनला, ताईसाहेब बीडला गेल्यात. पुन्हा केला, तवाबी बीडला. मी म्हनलं, बीडात घर बांधाया लागली का काय पोरगी."

"मी तर महिनाभरात बीडला गेले न्हाई."

"ते मला कळतंय, माय. आमची पोरं त्या पार्टीत गेलीत ना." दगडाबाईनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "आता हे हिला कोन समजून सांगनार? तुझ्या बापाला मत दिल्याबिगर हिनं माजावरच येऊ नये का?"

धनश्री गव्हाणीच्या काठावर टेकली. म्हणाली, "पन जी आपली मानसं हायेत, त्यांच्या तर गाभण राहायला पायजेत. त्यांच्याबी उलटतात."

"त्यांचं त्यांनाच इचार की. अगं, भारतची म्हैस मागल्या महिन्यात सोमवारी दिवसभर वरडत व्हती, इथवर ऐकू येत व्हतं. तू मंगळवारी दुपारी आलीस. फुलांचा हार आनायला मानूस उमापूरला गेलता म्हनून."

भारत हा अण्णांचा कट्टर माणूस. धनश्री तिथूनच त्याच्याकडं गेली. तो खुर्ची आणायला पळाला. ती म्हणाली, "खुर्ची राहू द्या. भारतभाऊ, मागल्या महिन्यात म्हैस सोमवारी माजावर आली, तुमी मला मंगळवारी 'आत्ता सकाळी' कावून सांगितलं?"

भारत डोकं खाजवत राहिला. "बजरंगला सोमवारी सकाळीच फोन केलता. तो म्हनला, उद्या अकराचा कार्यक्रम ठेव, चार मानसं गोळा कर. आता तुमी आल्यावर तुमाला तोंडावर कसं म्हनायचं, उशीर झाला म्हनून? अण्णाच्या लेकीला?"

"पन म्हैस उलटली ना."

"उलटू द्या ताईसाहेब. म्हैस काय, पुन्हा येती माजावर. तुमचा मान ऱ्हायला पायजे."

धनश्रीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे हात खरं बोलत होता. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायचं, संध्याकाळी दिसला तर सकाळी. हा साधा नियम गावातल्या पोरासोरांना माहीत होता. तिच्या मानापायी सगळं गाव तो जाणूनबुजून मोडत होतं, वर्षभर, आणि तिला सांगत होतं की तुम्ही वेळेवर आलात. दीपमालाची शर्यत संपलीच नव्हती. फरक एवढाच, की यावेळी सगळे हळू पळूनही ती हरत होती.

बैठकीत अण्णा आणि बजरंग दोघंच होते. धनश्री शेणाच्या चपलांनीच आत गेली.

"बजरंगभाऊ, मी बीडला कधी गेलते?"

बजरंगनं अण्णांकडं बघितलं. "ताई, ती त्यांची मानसं हायेत. आपन कावून त्यांच्या दारात जायचं?"

"मानसाच्या दारात न्हाई जायचं मला. म्हशीच्या जायचंय. आन आपल्या मानसांच्या म्हशी तुमच्या हारापायी उलटल्या."

"धनू, खाली बस," अण्णा म्हणाले. ते आवाज चढवत नसत, सभेतही नाही. "बजरंग करतोय ते माझ्या सांगन्यावरून करतोय. तू एकेक घर जोडतीस, त्याचा उपयोग व्हायला पायजे का नको?"

"मग बोर्डावर माझा नंबर लावा. ज्याला गरज त्यो फोन करील."

"पोरीचा नंबर चौकात? कोन रिकामटेकडा काय बोलंल, याचा इचार केलास?"

"बोलू द्या. त्याला उत्तर देता येतं मला."

अण्णांनी अडकित्ता बाजूला ठेवला. "दोन महिने कळ काढ. आचारसंहिता कधीबी लागंल. एकदा निवडणूक होऊ दे, मग तुला काय करायचं ते कर. मी मधी येनार न्हाई."

हे वाक्य तिनं पदविकेच्या आधी ऐकलं होतं, स्कूटी घेताना ऐकलं होतं, एका स्थळाला नकार देतानाही ऐकलं होतं. निवडणूक होत नव्हती आणि तिचं आयुष्य निवडणुकीच्या नंतर सुरू होणार होतं.

"अण्णा, म्हैस आचारसंहिता पाळत न्हाई," ती म्हणाली. "ती आज माजावर आली तर आजच."

आत वत्सलाबाईंच्या हातून परात पडली. हसू दाबताना पडली की काळजीनं, ते धनश्रीनं आजवर विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या निधीतून बांधलेल्या निंबजळच्या बसथांब्यावर त्यांच्या नावाखाली, जिथं पांढरी भिंत मोकळी होती तिथं, लाल ऑइलपेंटनं नवी अक्षरं उमटली. अक्षरं काही देखणी नव्हती, ओळ उजवीकडं घसरलेली होती. 'गाय-म्हैस माजावर आली की लगेच फोन करा. धनश्री.' त्याखाली तिचा स्वतःचा नंबर, हातभर उंच. आणि त्याखाली: 'शाल नको. खुर्ची नको. गरम पाणी ठेवा.'

बसची वाट बघणाऱ्या बायांनी तिला रंगवताना बघितलं. एकीनं डबा धरला. दुसरी म्हणाली, "ताईसाहेब, मानसाला बोलवायचं की रंगवायला." धनश्री म्हणाली, "मानूस बोलावला की बजरंगचा नंबर टाकंल." बाया हसल्या.

बजरंगनं दुपारी चुना फासला. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, ते त्याच्या ध्यानात आलं नसावं. चुना वाळून पापुद्रे निघाले आणि लाल नंबर पांढऱ्या कडांत आणखी उठून दिसू लागला. त्यानं मग पांढरा ऑइलपेंट आणला. धनश्रीनं त्यावर निळा लावला. पुढं पिठाच्या गिरणीची भिंत, पाण्याची टाकी, स्कूटीची पुढची बाजू. तिसऱ्या खेपेला बजरंग ब्रश घेऊन आला तेव्हा बसथांब्यावर बाया बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "राहू दे की बे, मेल्या. माझी म्हैस हाय घरी." बाईच्या तोंडून 'बे' ऐकून बजरंग ब्रश घेऊन परत गेला.

अण्णा म्हणाले होते ते काही खोटं नव्हतं. पहिल्या आठवड्यात नको ते फोन आलेच. धनश्रीनं एक रीत ठरवली. कुणीही असो, ती एकच विचारायची, "गाय का म्हैस? माज कधी दिसला?" बरेच जण तिथंच गारठून फोन ठेवायचे. एक जण ठेवेना. हसत म्हणाला, "जनावर न्हाई ताई, मीच हाय." ती म्हणाली, "मग पत्ता सांगा. गोऱ्हे खच्ची करायचा चिमटाबी असतोय माझ्याकडं." त्याचा पुन्हा फोन आला नाही. ही गोष्ट त्यानंच मित्रांना सांगितली असणार, कारण चार दिवसांत ती सगळ्या पानटपऱ्यांवर पोचली होती आणि नको ते फोन बंद झाले होते.

कामाचा पहिला फोन दगडाबाईचा. अजिनाथनं भरवलेली म्हैस उलटली नव्हती. ही दुसरी होती. "सकाळपासून आंबोन खाईना, मुतायला सारखी वाकती," दगडाबाई म्हणाली. "वरडत मात्र न्हाई."

"मुका माज असतोय उन्हाळ्यात. संध्याकाळी येते."

संध्याकाळी गोठ्यात खुर्ची नव्हती. चुलीवरून उतरवलेलं गरम पाणी होतं आणि शेपटी धरायला स्वतः दगडाबाई. धनश्रीनं हात घातला. आत सगळं ताठ होतं, जिवंत, धरलेल्या मुठीला उत्तर देणारं. वर्षभरात पहिल्यांदा हात आणि माणूस एकच सांगत होते.

"इतका येळ का लागतोय गं?" दगडाबाई म्हणाली. "अजिनाथ पटदिशी उरकतो."

"त्याची घाई त्याला. मला सावकाश करायचंय."

"कर बाई. पन आधीच सांगते. राहिली तर आख्ख्या वाडीला सांगन. उलटली तर त्याच्याहून जास्ती सांगन. बापाचं नाव मधी आननार न्हाई."

"नकाच आनू," धनश्री म्हणाली आणि दट्ट्या दाबला.

तिला आजवर मिळालेल्या सगळ्या सत्कारांपेक्षा ते बोलणं बरं वाटलं. तीन आठवडे ती फोनकडं बघत राहिली. दगडाबाईचा फोन आला नाही. अडीच-तीन महिन्यांनी तपासायला गेली तेव्हा हाताला आत लिंबापेक्षा मोठी, पाण्यानं भरल्यासारखी गोलाई लागली. ती काही बोलायच्या आधीच दगडाबाई म्हणाली, "तोंड सांगतंय तुझं." आणि वाडीकडं तोंड करून तिनं अशी हाळी दिली की माळावरची मेंढरं थबकली.

मग फोन थांबले नाहीत. ह्या पार्टीचे, त्या पार्टीचे, कुठल्याच पार्टीत नसलेले. भारतनंसुद्धा वेळेवर फोन केला आणि वेळ खरी सांगितली. सांगताना त्याला लाज वाटल्याचं आवाजात कळत होतं.

आणि अशात एका सकाळी धनश्री घरच्याच गोठ्यात गव्हाणीमागं झाडत असताना तिच्या खराट्याला प्लास्टिकची वापरलेली नळी लागली. शेजारी शेणानं भरलेला मोजा, उलटा करून फेकलेला. तिच्या पिशवीतले मोजे निळे असतात. हा पांढरा होता.

घरची लालकंधारी गाय म्हणजे अण्णांचा जीव. सकाळी बैठकीत बसायच्या आधी ते तिच्या मानेखाली खाजवून येतात. धनश्रीनं अजिनाथला फोन लावला. तो बराच वेळ अं-अं करत राहिला. "म्याडम, अण्णांनी सोता फोन केलता. म्हनले, धनू घरी न्हाई. मला वाटलं तुमी बाहेरगावी असाल."

त्या दिवशी ती घरीच होती. गोठ्याच्या भिंतीपलीकडं, कॅनमध्ये नायट्रोजन भरत होती.

तिनं कुणाला काही विचारलं नाही. मोजा आणि नळी कचऱ्यात टाकली आणि ठरवलं, आता गाय काय म्हणते ते बघू.

गाय बोलली ती बरोबर मोक्याला. निवडणूक अखेर लागली होती. आवारात मांडव, गाड्या, गावोगावची माणसं. अण्णा उभं राहून बोलत होते आणि मागं गोठ्यात गाय हंबरू लागली. थांबेना. अण्णांचं एक वाक्य झालं की गाईचं एक. पहिल्यांदा माणसांनी ऐकलं नाही असं दाखवलं, मग मागच्या ओळीत कुणीतरी फस्सकन हसलं. यात अजिनाथचा दोष नव्हता. चांगल्या हाताखालचं जनावरही उलटतं. पण ते गाईला कसं कळणार.

सभा संपत आली, माणसं जेवणाच्या ताटांकडं वळू लागली तेव्हा धनश्री मोजा चढवून मांडवाच्या कडेला आली. निळा मोजा, खांद्यापर्यंत. बोलणं आपोआप थांबलं. तिनं अण्णांकडं बघितलं नाही.

"बजरंगभाऊ, शेपटी धराया या."

बजरंगच्या अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा होता. त्यानं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी नजर ताटांकडं वळवली. ना हो, ना नाही. सगळा मांडव त्यांच्याकडं बघत होता. मग बजरंगनं बाह्या दुमडल्या, जरा जास्तच सावकाश, आणि तो तिच्यामागं गोठ्यात गेला. चार-सहा माणसं दारापर्यंत आली. कुणाच्या हातात मोबाईल होता, पण कुणी फोटो म्हटलं नाही. धनश्रीनं तिच्या सवयीनं वेळ घेतला. गाईनं बजरंगच्या सदऱ्यावर शेपटीचा एक सपकारा ओढला. "धरा नीट," धनश्री म्हणाली. "मत न्हाई मागत तुमाला."

गाय राहिली. आता सहावा महिना आहे.

अण्णा निवडून आले. 'माजी' गेलं. वाडीवरची मतं यंदा पहिल्यांदा मिळाली, आणि ती आमच्या ताईंच्या थेट नंबरमुळं मिळाली, असं बजरंग चारचौघांत छाती फुगवून सांगतो. धनश्री प्रत्येक वेळी म्हणते, "त्यासाठी न्हवता लावला." कुणी ऐकत नाही. बसथांब्यावरचा निळा नंबर तसाच आहे. अण्णांची गाडी रोज त्याच्यासमोरून जाते. अलीकडं तर कुणाची म्हैस अडली की अण्णा स्वतः तिचा नंबर देतात. त्यांना तो पाठ झालाय.

तिला एवढं सगळं मिळालं, तरी घरच्या गाईचा एक फोन राहिलाच. अण्णा गाईच्या मानेखाली खाजवत असतात तेव्हा ती पाणी घेऊन गोठ्यात जाते, आणि दोनदा तो प्रश्न तिच्या अगदी ओठांवर आला होता. एकदा तर तिनं विचारलंसुद्धा. अण्णांनी हात थांबवला, गाईकडं बघितलं, आणि बैठकीत माणसं आल्याचं सांगून ते उठले. लाज वाटली होती म्हणून बोलावलं नव्हतं, की गावासारखाच त्यांचाही तिच्या हातावर भरवसा नव्हता, की लेकीचा हात खांद्यापर्यंत आत गेलेला बघवणार नव्हता, यातलं कुठलंही उत्तर तिला चालेल. खरं असलं म्हणजे झालं.

"अण्णा, आपली गाय माजावर आली आन मी भिंतीपलीकडंच व्हते. तुमी मला कावून न्हाई बोलावलं?"